नोकियाचे आश्वासन आणि डेव्हलपरांचा हिशेब

प्रश्न असा आहे : एका उपकरण-निर्मात्या कंपनीने नवा प्लॅटफॉर्म जाहीर केला आहे आणि जुन्या प्लॅटफॉर्मवर काम करणाऱ्या डेव्हलपरांना पत्र पाठवून ‘सध्याच्या प्लॅटफॉर्मला यापुढेही अनेक वर्षे सपोर्ट मिळत राहील’ असे कळवले आहे. अशा वेळी जो तो २०११ सालच्या नोकियाचा दाखला देतो. तेव्हा नेमके काय घडले होते, नोकियाने डेव्हलपरांना फसवले होते का, आणि असे पत्र हाती आल्यावर ते कसे वाचावे?

मी त्या वर्षांत पुण्यात सिंबियन या नोकियाच्या तेव्हाच्या स्मार्टफोन-प्रणालीसाठी आणि पुढे क्यूटी या ॲप लिहिण्याच्या चौकटीवर ॲप्लिकेशन लिहिण्याचे काम करत होतो. आजही मोबाइल सॉफ्टवेअरवरच माझे पोट आहे. प्रश्नाच्या मधल्या भागाचे उत्तर आधी देतो. फसवणूक हा शब्द मी वापरणार नाही. नोकियाने फेब्रुवारी २०११ नंतर डेव्हलपरांना जे सांगितले त्यातले बरेचसे तिने केलेही. सिंबियनच्या नव्या आवृत्त्या आल्या, नवे फोन आले, मीगो या तिच्या दुसऱ्या, नव्या प्रणालीवरचा फोन कबूल केल्याप्रमाणे त्याच वर्षी आला. तरीही डेव्हलपरांचा धंदा बसला, कारण आश्वासन होते प्लॅटफॉर्मच्या देखभालीचे, आणि डेव्हलपर जगतो तो नव्याने फोन विकत घेणाऱ्या माणसांवर. ग्यानबाची मेख इथे होती.

११ फेब्रुवारी २०११ ला नोकियाने मायक्रोसॉफ्टची विंडोज फोन ही प्रणाली निवडल्याचा धक्का एवढा का बसला हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. नोकियाने २००८ मध्ये नॉर्वेतील ट्रोलटेक ही कंपनी सुमारे १० कोटी ४० लाख युरोंना विकत घेतली, ती मुख्यतः तिच्या क्यूटी या फ्रेमवर्कसाठी. सिंबियनच्या मूळच्या पद्धतीने सी प्लस प्लस या भाषेत ज्यांनी कोड लिहिला आहे त्यांना या खरेदीचे मोल समजावून सांगायला नको. सायऑन कंपनीच्या खिशात मावणाऱ्या संगणकांसाठी लिहिलेल्या एपॉक या प्रणालीमधून सिंबियन जन्माला आली होती, आणि त्या काळच्या तुटपुंज्या मेमरीचे संस्कार तिच्या प्रत्येक ओळीवर होते. दोन स्ट्रिंग (मजकुराचे तुकडे) जोडायच्या तरी कोणत्या जातीचा डिस्क्रिप्टर (मजकूर ठेवण्याचा सिंबियनचा साचा) घ्यायचा, तो मेमरीच्या स्टॅक या भागात ठेवायचा की हीप या भागात, आणि मध्येच मेमरी संपून फंक्शन ‘लीव्ह’ झाले, म्हणजे काम अर्ध्यावर सोडून बाहेर पडले, तर साफसफाईसाठीच्या क्लीनअप स्टॅकवर काय ठेवलेले असले पाहिजे, याचा विचार पावलोपावली करावा लागे. कुठे चुकले की ‘कर्न-एक्झेक ३’ एवढाच निरोप मिळे आणि पुढची संध्याकाळ त्याचा माग काढण्यात जाई. क्यूटीमध्ये हेच काम चार ओळींत होत असे, आणि तोच कोड डेस्कटॉपवर चालवून पाहता येई.

शिवाय क्यूटीमुळे नोकियाला एक पूल मिळाला होता. आजचे सिंबियन फोन आणि उद्याचे मीगोचे फोन (मीगो म्हणजे नोकियाची मेमो आणि इंटेलची मोब्लिन यांना एकत्र करून फेब्रुवारी २०१० मध्ये जाहीर केलेली लिनक्सवरची प्रणाली) या दोहोंवर एकच ॲप चालावे, अशी ती योजना होती. ऑक्टोबर २०१० मध्ये नोकियाने जाहीर केले की ॲप्लिकेशन लिहिण्यासाठी यापुढे क्यूटी हीच तिची एकमेव चौकट राहील. या घोषणेवर विसंबून अनेकांनी जुना सिंबियन कोड बाजूला ठेवला आणि क्यूएमएल ही क्यूटीची पडदे मांडण्याची भाषा शिकायला घेतली. कंपनीने स्वतःच दाखवलेल्या वाटेने लोक निघाले होते, म्हणून पुढचा धक्का जास्त लागला.

११ फेब्रुवारी २०११ रोजी लंडनमध्ये नोकियाचे प्रमुख स्टीफन एलॉप आणि मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बॉल्मर यांनी भागीदारी जाहीर केली. विंडोज फोन ही नोकियाच्या स्मार्टफोनची मुख्य प्रणाली होणार होती. एलॉप स्वतः जेमतेम पाच महिन्यांपूर्वी मायक्रोसॉफ्टमधून आलेले होते, आणि नोकियाची तुलना समुद्रातल्या जळत्या फलाटाशी करणारे त्यांचे अंतर्गत पत्र याच आठवड्यात बाहेर फुटले होते. डेव्हलपरांच्या दृष्टीने महत्त्वाची वाक्ये मात्र निवेदनाच्या पोटात होती. सिंबियनचे आणखी सुमारे १५ कोटी फोन येत्या वर्षांत विकले जातील अशी अपेक्षा तिथे व्यक्त केली होती, आणि सिंबियन वापरणारे २० कोटी लोक राखून त्यांना नव्या प्रणालीकडे नेण्याची संधी आहे असेही म्हटले होते. मीगोचा एक फोन त्या वर्षी येणार होता. क्यूटी सिंबियनसाठी आणि त्या मीगो फोनसाठी चालू राहणार होती; विंडोज फोनवर ती येणार नव्हती.

पुढच्या आठवड्यांत खुली पत्रे, मेळावे, प्रश्नोत्तरे यांचा रतीब सुरू झाला. सर्वांचा सूर एकच होता : सिंबियन संपलेली नाही, १५ कोटी फोन ही लहान बाजारपेठ नव्हे, काम थांबवू नका. माझ्या ओळखीच्या अनेकांनी त्या १५ कोटींच्या आकड्यावर आपले वर्षभराचे गणित मांडले होते. पण तो आकडा हे वचन नव्हते. ती अपेक्षा होती, आणि तिला तारीखही नव्हती. त्याच निवेदनातले दुसरे वाक्य त्याच्या शेजारी ठेवले की चित्र बदलते. कंपनी आपल्या २० कोटी ग्राहकांना दुसरीकडे नेणार असे स्वतःच सांगते आहे, आणि तुमचे ॲप त्या दुसरीकडे चालणार नाही. मग तुम्ही जितके यशस्वी ॲप लिहाल, तितका तो ग्राहक हलवणे कंपनीला अवघड. अशा ॲपसाठी ती कंपनी मनापासून धडपडेल, ही आशा कशाच्या बळावर करायची?

क्यूटी विंडोज फोनवर का येणार नाही, यामागे केवळ मर्जी नव्हती, तांत्रिक अडसरही होता, आणि तो त्या वेळी फार थोड्यांनी नीट तपासला. विंडोज फोन ७ वर बाहेरच्या डेव्हलपरांना मूळ सी प्लस प्लस कोड चालवण्याची परवानगीच नव्हती. सिल्व्हरलाइट किंवा एक्सएनए या मायक्रोसॉफ्टच्या चौकटी वापरून सी शार्प या भाषेत लिहावे लागे. म्हणजे प्रश्न फक्त पडद्यावरच्या बटणांचा नव्हता. ज्यांच्याकडे वर्षानुवर्षे घासूनपुसून तयार केलेले नकाशांचे, आवाजाचे किंवा संदेशांचे इंजिन सी प्लस प्लसमध्ये होते, त्यांचा तो मूळ गाभाच पलीकडे जाऊ शकत नव्हता. मूळ कोडची सोय आली ती विंडोज फोन ८ मध्ये, २०१२ साली. आणि तेव्हाही विंडोज फोन ७ चे फोन नव्या प्रणालीवर अद्ययावत होणार नाहीत असे जाहीर झाले, त्यामुळे जे आज्ञाधारकपणे पलीकडे गेले होते त्यांच्या पदरीही दुसरी फाटाफूट आली.

सिंबियन आणि मीगो यांच्यातला जो पूल शाबूत होता म्हणतात, त्याचीही अवस्था जवळून पाहण्यासारखी होती. क्यूटी क्विक या क्यूटीच्या पडदे बनवणाऱ्या भागात बटणे, याद्या, टूलबार यांचे तयार भाग दोन्ही प्रणालींसाठी वेगवेगळे आले. क्यूएमएल फाइलच्या माथ्यावरची इम्पोर्टची ओळ सिंबियनसाठी एक आणि मीगोसाठी दुसरी. वरवर पाहता एका ओळीचा फरक. प्रत्यक्षात पान उलटण्याची रीत, मेनूची जागा, पडद्याचा आकार, सगळेच थोडे थोडे वेगळे असल्याने क्यूएमएलचे दोन संच सांभाळावे लागत. त्यात नोकियाच्या जुन्या ५८०० सारख्या सिंबियन फोनमध्ये क्यूटी मुळात नसे, ती ॲपबरोबर स्मार्ट इन्स्टॉलरने उतरवून घ्यावी लागे, आणि फोनची अंतर्गत जागा अपुरी असली की स्थापना अर्ध्यावर थांबे. एन८ या नव्या फोनमध्ये ती आधीपासून होती, पण आपल्याकडे लोकांच्या हातात जास्त करून जुनेच फोन होते. ‘एकदा लिहा, सगळीकडे चालवा’ हे आश्वासन उत्तम स्थितीतही निम्मेच खरे असते, हे या व्यवसायातल्या कोणालाही मान्य होईल.

आता आकडे. नोकियाने २०१० च्या शेवटच्या तिमाहीत सुमारे २ कोटी ८३ लाख स्मार्टफोन विकले होते. २०११ च्या दुसऱ्या तिमाहीत ती विक्री १ कोटी ६७ लाखांवर आली, आणि तीसुद्धा स्मार्टफोनची एकूण बाजारपेठ झपाट्याने वाढत असताना. एकट्या घोषणेनेच हे केले असे म्हणणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. अँड्रॉइडची सरशी आधीच सुरू झाली होती, आणि स्पर्शपडद्याच्या बाबतीत सिंबियन मागे पडल्याचे दुकानात दोन फोन शेजारी धरले की कोणालाही दिसे. पण घोषणेने उतार तीव्र केला यात शंका नाही. दुकानदार आणि टेलिफोन कंपन्या ज्या प्रणालीला तिच्या मालकानेच निरोप दिला आहे तिचे फोन कशाला पुढे करतील? विंडोज फोनवरचे नोकियाचे पहिले ल्युमिया फोन दाखवायला ऑक्टोबर २०११ उजाडला. जुने विकले जाईना आणि नवे आलेले नाही, अशा आठ-नऊ महिन्यांच्या पोकळीत डेव्हलपरांनी काय करावे याचे उत्तर एकाही पत्रात नव्हते.

या काळात पत्रांपेक्षा खरी माहिती इतर ठिकाणांहून मिळत होती. मार्चमध्ये क्यूटीचा व्यापारी परवान्यांचा व्यवसाय फिनलंडच्याच डिजिया या कंपनीकडे गेला. एप्रिलच्या अखेरीस नोकियाने सांगितले की सिंबियनचे काम आणि ते करणारे सुमारे ३,००० लोक ॲक्सेंचरकडे जातील. ॲक्सेंचर २०१६ पर्यंत ही सेवा पुरवील असे ठरले. ‘२०१६ पर्यंत सपोर्ट’ ही ओळ आश्वासन म्हणून फिरली. माझ्या मते तिचा अर्थ नेमका उलटा काढायला हवा होता. ज्या प्रणालीवर कंपनीचे भवितव्य अवलंबून आहे ती प्रणाली लिहिणारी माणसे कोणी दुसऱ्या कंपनीच्या पगारपत्रकावर पाठवत नाही. जूनमध्ये सिंगापूरमध्ये एन९ हा मीगोचा फोन दाखवला गेला, तो अतिशय सुरेख होता, जाणकारांनी त्याचे भरभरून कौतुक केले. आणि अमेरिका, ब्रिटन, जर्मनी या मोठ्या बाजारांत नोकियाने तो अधिकृतपणे आणलाच नाही. म्हणजे वचन पाळले, पण त्यातून कोणाचे पोट भरणार नाही अशा बेताने.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगता येतो. ॲना आणि बेल या सिंबियनच्या आवृत्त्या आल्या. २०१२ मध्ये ४१ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा ८०८ प्युअरव्ह्यू आला आणि तोच सिंबियनचा शेवटचा फोन ठरला. १ जानेवारी २०१४ पासून नोकिया स्टोअरने सिंबियन आणि मीगोसाठी नवी ॲप आणि जुन्या ॲपची सुधारित रूपे घेणे बंद केले. आधीची ॲप उतरवून घेता येत राहिली, पण त्यातली चूक दुरुस्त करण्याचा मार्ग मिटला. कागदावरची २०१६ ही तारीख अजून दोन-अडीच वर्षे दूर होती. देखभालीची मुदत आणि डेव्हलपराची मुदत यांत केवढे अंतर असू शकते हे या दोन तारखांवरून दिसते.

या सगळ्यातून तगून राहिली ती क्यूटी, आणि ती का तगली हे पाहणे मला सर्वांत बोधप्रद वाटते. नोकियाने २०१२ मध्ये उरलेली क्यूटीही डिजियाला ४० लाख युरोंना विकून टाकली. खरेदीची किंमत वर दिलीच आहे. तरी क्यूटी संपली नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस पाचवी आवृत्ती आली, २०१३ मध्ये अँड्रॉइड आणि आयओएसवर ती चालू लागली, आणि आज ती मोटारींच्या डॅशबोर्डपासून वैद्यकीय उपकरणांपर्यंत आढळते. यात कोणाच्या भाषणाचा वाटा नाही. ट्रोलटेक आणि क्यूटीवर उभा असलेला केडीई हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प यांच्यात १९९८ मध्ये करार होऊन एक प्रतिष्ठान स्थापन झाले होते, आणि क्यूटीची मुक्त आवृत्ती ठरावीक मुदतीत निघाली नाही तर ती अधिक मोकळ्या परवान्याखाली प्रसिद्ध करण्याचा हक्क त्या प्रतिष्ठानाला दिलेला होता. मालक बदलला तरी करार पुढच्या मालकावर बंधनकारक राहिला. शिवाय २००९ मध्ये नोकियानेच क्यूटीला एलजीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना दिलेला होता, आणि ऑक्टोबर २०११ मध्ये तिचा विकास सर्वांना खुल्या असलेल्या क्यूटी प्रोजेक्टकडे आला. ज्यांनी आपल्या ॲपचा गाभा शुद्ध क्यूटीत ठेवला होता आणि फोनशी निगडित भाग वेगळा काढला होता, त्यांचा कोड पुढे ब्लॅकबेरी १० वर आणि अँड्रॉइडवर नेता आला. ज्यांचा कोड शेवटपर्यंत डिस्क्रिप्टरांत अडकलेला होता, त्यांच्या हाती काही उरले नाही.

नोकियालाच बोल लावणे बरोबर नाही. इतरांचे वर्तनही पाहावे. एचपीने १२० कोटी डॉलरना घेतलेल्या पाम या कंपनीच्या वेबओएस प्रणालीवरचा टचपॅड हा टॅबलेट जुलै २०११ मध्ये अमेरिकेत विक्रीला आला, आणि दोन महिने व्हायच्या आत, १८ ऑगस्टला, वेबओएसची उपकरणे बंद करण्याची घोषणा झाली. ब्लॅकबेरी बनवणाऱ्या रिसर्च इन मोशनने २०१२ मध्ये निदान पैसे पुढे केले : गुणवत्तेच्या कसोटीला उतरलेल्या आणि किमान १,००० डॉलर कमावलेल्या ॲपला पहिल्या वर्षी १०,००० डॉलरपर्यंतची तूट कंपनी भरून देणार होती, आणि प्रयोगासाठी फोनही वाटले गेले. डेव्हलपरांशी वागण्याची ही रीत मला नोकियापेक्षा कितीतरी सरळ वाटते, जरी पुढे ग्राहकच न आल्याने ती व्यर्थ गेली. याउलट ॲपलने जून २००५ मध्ये मॅक इंटेलच्या प्रोसेसरवर नेण्याचे जाहीर केले, तेव्हा विषय फोनचा नव्हता, पण आश्वासन कसे असावे याचा तो चांगला नमुना आहे. जुनी ॲप नव्या यंत्रावर चालवणारे रोझेटा हे सॉफ्टवेअर मंचावरच दाखवले गेले, दोन्ही प्रोसेसरवर चालणारे ॲप तयार करण्याची साधने दिली गेली, ९९९ डॉलर भाड्याने चाचणीचे यंत्र मिळू लागले, आणि २००७ च्या अखेरपर्यंत स्थित्यंतर पूर्ण करण्याची तारीख सांगितली गेली. ते २००६ च्या ऑगस्टमध्येच पूर्ण झाले.

तुमच्या हातातल्या पत्राकडे येतो. सर्वप्रथम तुमचा ग्राहक कोण हे ठरवा, कारण त्यावर पत्राची किंमत बदलते. गोदामात किंवा कारखान्यात वापरायची हातातली उपकरणे एखादी संस्था शेकड्यांनी घेते आणि ती मोडेपर्यंत वापरते. अशा ठिकाणी पाच वर्षांच्या सपोर्टला खरोखर मोल आहे, आणि कंपनी तो करारात लिहून देत असेल तर घाबरण्याचे कारण नाही. ग्राहक दुकानातून एकेक फोन घेणारा असेल तर सपोर्टचा उल्लेख सोडून द्या आणि जुन्या प्लॅटफॉर्मवरचे किती नवे मॉडेल, कोणत्या तारखेपर्यंत बाजारात येणार, एवढेच पत्रात शोधा. ते नसेल तर तुमच्या बाजारपेठेची गळती सुरू झाली आहे असे समजून चाला.

यानंतर पत्राला लेखी उत्तर पाठवून नेमके प्रश्न विचारावेत. आजचा कोड नव्या प्लॅटफॉर्मवर जसाच्या तसा चालणार का; नसेल तर त्यातला कोणता भाग नेता येईल? चाचणीची उपकरणे कधी आणि कोणत्या अटींवर मिळतील? जुन्या प्लॅटफॉर्मवर काम करणारा चमू कंपनीतच राहणार आहे का? उत्तर मोघम आले तर तेही उत्तरच आहे. आणखी एक मुद्दा, जो नवखे लोक हमखास विसरतात : ॲपवर डिजिटल सही करणारी सेवा आणि एसडीके (ॲप बनवण्याच्या साधनांचा संच) उतरवून घेण्याची जागा किती काळ चालू राहणार. ज्या प्लॅटफॉर्मवर सही नसलेले ॲप बसत नाही, तिथे सहीचा सर्व्हर बंद झाला की तुमच्याकडे कोड असूनही ग्राहकाची अडचण दूर करता येत नाही. एसडीके, त्याची कागदपत्रे आणि तो चालतो त्या प्रणालीची डिस्क-प्रतिमा (संपूर्ण नक्कल) आजच आपल्या डिस्कवर उतरवून ठेवायला हरकत नाही. त्याला खर्च नाही.

कामाच्या बाजूने पाहिले तर नव्या प्लॅटफॉर्मकडे लगेच धाव घेऊ नये असे माझे मत आहे. पहिल्या आवृत्तीवर गेलेल्यांचे विंडोज फोन ७ वर काय झाले ते वर आलेच. दरम्यानच्या काळात ॲपचा गाभा आणि उपकरणाशी बोलणारा थर वेगळे करण्याचे काम हाती घ्यावे. कंपनीने कोणताही निर्णय घेतला तरी हे श्रम वाया जात नाहीत, आणि जुन्या ग्राहकांना त्याचा त्रासही होत नाही. गाभ्यासाठी निवडलेली चौकट मात्र त्या उपकरण-निर्मात्याच्या एकट्याच्या मालकीची नसावी, आणि असलीच तर तिचा परवाना वकिलाकडून वाचून घ्यावा. जुन्या ॲपमध्ये नवी वैशिष्ट्ये घालणे थांबवून फक्त दुरुस्त्या कराव्यात का, हे तुमच्या महिन्याच्या नव्या ग्राहकांच्या आकड्यावरून ठरवा. तो आकडा सलग दोन तिमाह्या घटला तर दुरुस्त्यांपुरते थांबा, आणि स्टोअर सुधारित ॲप घेणे कोणत्या तारखेला बंद करणार हे कंपनीकडून लिहून घ्या.